जंगलातली खबर आणि ठाण्यातली विचारपूस

२२ एप्रिल २०१८. गडचिरोली जिल्ह्यात ताडगाव परिसरात, कसनासूर-बोरियाच्या जंगलात इंद्रावतीच्या काठावर पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाच्या जवानांनी नक्षलवाद्यांचा मुक्काम गाठला. त्या आणि लगेच नंतरच्या कारवाईत मिळून ४० जण मारले गेले. वर्षभराने, १ मे २०१९ ला, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. त्याआधी रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती. ती बघायला पोलीस येणार आणि कोणत्या वाटेने येणार, याचा अंदाज जाळणाऱ्यांनी आधीच बांधून ठेवला होता.

दोन्ही वेळी जिल्हा एक, जंगल एक, जवानही त्याच मातीतले. पहिल्या वेळी पोलिसांना समोरच्याचा ठावठिकाणा कळला होता, दुसऱ्या वेळी समोरच्याला पोलिसांचा. नागपूर-पुण्याकडची माणसं विचारतात, एवढे ड्रोन, एवढे उपग्रह असताना नक्षलवाद आटोक्यात यायला चाळीस वर्षं का लागली? त्याचं उत्तर शोधायचं तर बंदुकीपेक्षा खबरीकडे बघावं लागतं. ती कशी मिळते, खरी की खोटी हे कसं ठरतं, पकडलेल्या माणसाला काय विचारतात, मारझोडीने खरंच काही हाती लागतं का, आणि या सगळ्यात गावच्या माणसाचं काय होतं? धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरचीकडच्या लोकांनी हे सोसलं आहे. इतर विदर्भाला मात्र त्यातलं पेपरात छापून येतं तेवढंच ठाऊक असतं.

दिसणारा आणि न दिसणारा

दोन देशांच्या लढाईत शत्रू गणवेशात असतो, त्याची छावणी असते, रणगाडे असतात, ते वरून दिसतात. त्याचा सैनिक पकडला गेला तर नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक यापलीकडे काही सांगायला तो बांधील नाही, असं १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात लिहिलं आहे. बंडखोरीच्या लढाईत यातलं काहीच लागू पडत नाही. सकाळी धानाच्या बांधीत उभा असलेला माणूस रात्री दलमला, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला, वाट दाखवणारा असू शकतो. तो खुशीने जातो की मानेवर बंदूक आहे म्हणून, हे बाहेरून कळत नाही.

गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा. तीन चतुर्थांशाच्या आसपास जंगल, आणि २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरमागे ७४ माणसं. अशा मुलखात एखादं दलम गावागावांतून जेवत पुढे सरकतं. पोलिसांचं मात्र सगळं उघड्यावर. पोलीस मदत केंद्र कुठे आहे, गस्तीची तुकडी कधी निघाली, किती जण गेले आणि किती परतले, हे गुराख्यालाही दिसतं. गावात राहूनच त्यांचं काम करणारे संगम सदस्य आणि जनमिलिशिया हेच नक्षलवाद्यांचे डोळे आणि कान. २००९ साली फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६ आणि ऑक्टोबरात लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. एका वर्षातल्या या तीनही घटनांमध्ये पोलीस कुठे आणि कधी असतील हे मारणाऱ्यांना बरोबर माहीत होतं.

ही माहिती त्यांना मिळायची कशी, याचं कारण नुसती दहशत असं सांगून मोकळं होता येत नाही. १९८० च्या सुमाराला आंध्रातून प्राणहिता ओलांडून पहिली पथकं सिरोंचा-अहेरीकडे आली, तेव्हा त्यांनी हात घातला तो तेंदूपानाच्या मजुरीला, बांबूतोडीच्या दराला आणि जंगल खात्याच्या लहानसहान माणसांकडून होणाऱ्या त्रासाला. तेंदूच्या पुडक्याचा भाव वाढला आणि घरात चार पैसे जास्त आले, तेव्हा लोक आपणहून सांगू लागले. पुढे जनअदालती, म्हणजे गावासमोर भरवलेली नक्षलवाद्यांची न्यायालयं, आल्या, खून आले, शाळा-रस्ते अडवणं आलं, आणि सांगण्यातली खुशी हळूहळू भीतीत बदलली. ज्याच्याशी बोलल्याने घरादाराचं भलं होतं किंवा निदान वाईट होत नाही, त्याच्याशी माणूस बोलतो. पोलिसांनाही हा नियम चुकत नाही.

१९९० मध्ये सी-६० उभं राहिलं त्यामागे हीच गोष्ट होती. बाहेरून आलेल्या जवानाला माडिया भाषा कळत नाही, नाल्याचं नाव कळत नाही, गावात शिरल्यावर कुत्री भुंकतात आणि बाया दारं लावून घेतात. म्हणून स्थानिक पोरं घेतली. त्यांना गोंडी-माडिया येते, कोणत्या पाड्यात कोणाचं सोयरं आहे हे ठाऊक असतं. जवानाच्या हातातल्या बंदुकीइतकंच त्याच्या जिभेवरच्या भाषेला मोल होतं.

खबर बाजारातून येते

सिनेमात खबऱ्या म्हणजे अंधारात पाकीट घेणारा माणूस. खऱ्या खबरीतला मोठा भाग आठवडी बाजारात तयार होतो, आणि तोही कुणी मुद्दाम न देता. समजा, एका किराणा दुकानात दर बाजाराला येणारी बाई एरवी मीठ, तेल, तंबाखू नेते. त्या दिवशी तिने बिस्किटांचे दोन मोठे पुडे, टॉर्चचे सेल, तापाच्या गोळ्यांची पाकिटं आणि सॅनिटरी पॅड घेतले. दुकानदार कुणाला काही बोललाच तर एवढंच म्हणेल, 'यंदा तुमच्याकडं पाहुणे जास्त दिसतात.' कानावर आलेलं वाक्य एवढंच. त्यातून पाच-सहा जणांचा मुक्काम, त्यात बाया, त्यातला कुणी आजारी, असा अंदाज बांधता येतो. पण त्याच घरी लग्न असेल, किंवा आश्रमशाळेतल्या मुली सुट्टीला आल्या असतील, तर अख्खा अंदाज कोसळतो. त्या घरावर रात्री जवान पोचले तर दारात सापडतील त्या शाळकरी मुली.

खबर मोहाच्या फुलासारखी असते. पहाटे पडलेलं फूल सकाळीच वेचावं लागतं, आणि वेचलं तरी उन्हात वाळवल्याशिवाय साठवता येत नाही. दलम एका ठिकाणी फार थांबत नाही, त्यामुळे काल दुपारची बातमी आज संध्याकाळी नुसता इतिहास झालेली असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं आणि पलीकडच्या गावांतून काही कळणं बंद होतं. घाईने जावं तर कच्च्या बातमीवर जावं लागतं, थांबावं तर बातमी मरते. यातून वाट काढायला खबरीचं वजन करता यावं लागतं.

त्यासाठी जगभरातल्या गुप्तवार्ता विभागांमध्ये एक साधी रीत आहे. सांगणाऱ्या माणसाला ए पासून एफ पर्यंत एक अक्षर देतात आणि सांगितलेल्या गोष्टीला १ पासून ६ पर्यंत एक आकडा. माणूस वेगळा तोलायचा, बातमी वेगळी तोलायची. भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगतो, आणि ज्याच्यावर काडीचा विश्वास नाही तोही एखादे वेळी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. दोन्ही एकत्र करून 'खात्रीलायक सूत्र' असं लिहून टाकलं की घात होतो.

कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवलं आहे की तीन हेरांचं म्हणणं एक आलं तर विश्वास ठेवावा. त्यात हेरांनी एकमेकांना ओळखू नये अशीही व्यवस्था आहे, आणि खरी मेख तिथे आहे. बाजारात दुपारी एकाने म्हटलं, 'अमक्या टोल्याजवळ दहा-बारा जण दिसले.' ते चहावाल्याने ऐकलं, तेंदूपानं गोळा होतात त्या फळीवरच्या मुन्शीने ऐकलं, ट्रॅक्टरवाल्याने ऐकलं. रात्रीपर्यंत तीन वेगळ्या ठाण्यांत तीन माणसांकडून तीच बातमी पोचली. कागदावर तीन सूत्रं दिसतात, मुळात बोलणारा एकच. प्रत्येकाला 'तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस, आणि कोणाकडून?' हा प्रश्न विचारला नाही, तर तिन्ही कागद एकमेकांना दुजोरा देत राहतात. सगळ्या गुप्तवार्तेत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि घाईत तोच पहिला वगळला जातो.

दुसरी मेख भांडणाची. बांधावरून वाद, वनहक्काच्या पट्ट्यावरून वाद, पोरीच्या लग्नावरून वाद. एका भावाने दुसऱ्याचं नाव पोलिसांकडे 'नक्षल्यांना जेवण देतो' म्हणून घातलं, किंवा जंगलवाल्यांकडे 'पोलिसांना खबर देतो' म्हणून घातलं, की बांधाचा वाद बंदुकीच्या नळीने मिटतो. तिसरी मेख पेरलेल्या बातमीची. खोटी खबर देऊन पोलिसांना बोलवायचं आणि वाटेत सुरुंग लावून बसायचं, ही जुनी युक्ती आहे.

समोर बसलेला माणूस

एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. गडचिरोलीत लष्कर लढत नाही. राज्य पोलीस आणि सीआरपीएफ लढतात, नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय नागपुरात आहे. ईशान्येच्या काही भागांत आणि काश्मीरमध्ये लागू असलेला सशस्त्र दलांच्या विशेष अधिकारांचा कायदा इथे नाही; आणि तिथेही लष्कराने पकडलेला माणूस शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावाच लागतो. म्हणजे आपल्याकडे पकडला गेलेला माणूस युद्धकैदी नसतो, तो आरोपी असतो आणि आरोपीचे सगळे हक्क त्याला असतात.

पण ठाण्यात बसवलेला प्रत्येक जण आरोपीसुद्धा नसतो. कुणी नुसता त्या वाटेने गेलेला गुराखी असतो. कुणी अटक केलेला असतो. कुणी बंदूक ठेवून आपणहून आलेला असतो. तिघांना एकाच आवाजात, एकाच खोलीत, एकच प्रश्न विचारला तर तिघांकडूनही काही मिळत नाही. गुराखी घाबरलेला आहे, त्याला लवकर घरी जायचं आहे. अटक झालेल्याला वाटतं की बोललो तर मागे राहिलेले आपल्याला गद्दार ठरवतील. आत्मसमर्पण केलेल्याला साहेबांना खूश करायचं आहे, म्हणून तो फुगवून सांगण्याची भीती असते.

त्यात भाषा. एटापल्ली-भामरागडच्या आतल्या गावातला वयस्क माणूस माडियात बोलतो. ऐकणारा अधिकारी मराठी, कधी हिंदी. मधे दुभाषा म्हणून एखादा जवान बसतो. तोही इथलाच, कदाचित त्याचाच भाऊ किंवा मित्र नक्षलवाद्यांनी मारलेला. त्याने प्रश्न कसा विचारला आणि उत्तरातलं किती पुढे दिलं, हे अधिकाऱ्याला कळायला मार्ग नाही. शेवटी कागदावर जे उतरतं ते ठाण्याचं मराठी असतं: 'सदर इसमाने विचारपूस केली असता सांगितले की.' त्या म्हाताऱ्याने तारीख सांगितलेली नसते. त्याने सांगितलेलं असतं, मोह वेचायच्या दिवसांत, किंवा तेंदूचा पैसा मिळाल्यावर. किलोमीटर सांगितलेले नसतात, अर्ध्या दिवसाची चाल सांगितलेली असते. कागदावर मात्र १४ तारीख आणि सहा किलोमीटर येतात, आणि तिथून पुढे ते आकडे खरे धरले जातात.

आता एक संवाद बघा. 'दलममध्ये पंचवीस जण होते ना?' 'हो साहेब.' 'की तीस?' 'हो साहेब.' 'त्यात अमका होता ना?' 'हो साहेब.' असा कागद भरपूर भरतो आणि त्यात एकही खरी गोष्ट नसते. बंदूकवाल्यासमोर हो म्हणावं, हे त्या माणसाला दोन्हीकडच्या बंदुकांनी शिकवलेलं आहे. उलट असं विचारून बघा: 'त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलं, सांग.' मग तो गुरं कुठे नेली इथपासून सुरू करतो. नाल्यावर भांडी घासणाऱ्या दोन पोरी दिसल्या, त्यातल्या एकीच्या पायाला चिंधी बांधलेली होती. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात होता. कुणीतरी तेलुगूत ओरडलं. आकडा त्याने सांगितलाच नाही, पण गंज किती मोठा होता हे त्याने हात पसरून दाखवलं. त्या हातावरून किती जणांचं जेवण होतं हे बऱ्यापैकी कळतं, आणि तेलुगू बोलणारा कोण असेल हे जुन्या नोंदींवरून ताडता येतं. या पद्धतीला वेळ लागतो. मधे न बोलता ऐकावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलात हान्स शार्फ नावाचा एक जण पकडलेल्या विमानचालकांची चौकशी करायचा. त्याने कैद्यावर हात उगारला नाही. तो त्यांच्याबरोबर जंगलात फिरायला जायचा, गप्पा मारायचा, आणि बोलताना असं दाखवायचा की आपल्याला बहुतेक सगळं आधीच माहीत आहे. कैद्याला वाटायचं की आपण नवीन काही सांगतच नाही. आणि त्या गप्पांत शार्फला हवा असलेला एखादा तुकडा सहज येऊन जायचा. पुढे अमेरिकनांनीच त्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. यामागे भोळा चांगुलपणा नव्हता, तासन्‌तास कागद वाचून केलेली तयारी होती. ज्याच्याकडे तयारी असते त्याला ओरडावं लागत नाही.

मारझोडीचा हिशेब

'पण साहेब, दोन लगावल्याशिवाय कोण बोलतो?' हे वाक्य चहाच्या टपरीवरही ऐकू येतं आणि शिकल्या-सवरलेल्या घरांतही. त्याला उत्तर नैतिकतेच्या आधी व्यवहाराचं देता येतं. मार खाणाऱ्या माणसाच्या हातात मार थांबवण्याचा एकच उपाय असतो: समोरच्याला जे ऐकायचं आहे ते सांगणं. त्याला खरं माहीत असेल तर तो कदाचित खरं सांगेल. माहीत नसेल तर नक्की काहीतरी रचेल. मारणाऱ्याला दोन्हीत फरक कळत नाही. कळत असता तर मारायची गरजच नव्हती.

२००१ च्या शेवटी अल-कायदाशी संबंधित म्हणून पकडलेल्या इब्न अल-शेख अल-लिबी याला इजिप्तच्या ताब्यात दिलं गेलं. छळाखाली त्याने सांगितलं की इराकने अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तीच गोष्ट संयुक्त राष्ट्रांत मांडली, मार्चमध्ये इराकवर हल्ला झाला. नंतर त्याने ते विधान मागे घेतलं. छळ थांबावा म्हणून आपण ते रचल्याचं त्याने सांगितलं.

उत्तर आयर्लंडमध्ये ९ ऑगस्ट १९७१ ला ब्रिटिश लष्कराने एका दिवसात ३४२ जणांना उचललं. याद्या जुन्या होत्या, बऱ्याच माणसांचा सशस्त्र गटाशी संबंध उरलेला नव्हता किंवा कधी नव्हताच. काहींवर पाच प्रकार केले: भिंतीला टेकवून तासन्‌तास उभं करणं, डोक्यावर पिशवी, सतत कर्कश आवाज, झोप नाही, अन्नपाणी तोडणं. मार्च १९७२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनाच हे प्रकार बंद केल्याचं जाहीर करावं लागलं. तोवर ज्या गल्ल्यांतून माहिती यायची त्या गल्ल्या गप्प झाल्या होत्या, आणि घराघरांतली पोरं बंदुकीकडे वळली होती. १९७२ हे तिथलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं.

मारझोडीच्या बाजूने बोलणारे अल्जीयर्सचं उदाहरण देतात. १९५७ मध्ये फ्रेंच छत्रीधारी सैन्याने छळाच्या जोरावर त्या शहरातली बॉम्ब लावणारी संघटना मोडली, हे खरं आहे. त्याच शहरात पॉल तेतजेन नावाचा पोलीस प्रशासनाचा सचिव होता. महायुद्धात जर्मनांनी त्याचा स्वतःचा छळ केला होता. ताब्यात घेतलेल्यांपैकी कोण परत आलं याचा तो हिशेब ठेवत होता. ३,०२४ माणसांचा पत्ता लागेना. त्याने पद सोडलं. पाच वर्षांनी, १९६२ मध्ये, फ्रान्सला अल्जीरिया सोडावा लागला. संघटना मोडली आणि देश गेला, हा सगळा हिशेब एका ओळीत मांडला तर त्याला यश कसं म्हणायचं, मला कळत नाही.

आणि आपल्या घरचं? देसाईगंजचं पोलीस ठाणं आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली तिथे एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचं मथुरा प्रकरण घडलं. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. ज्या ठाण्याच्या नावाने गावात पोरींना सांभाळून राहायला सांगतात, त्या ठाण्यात खबर घेऊन कोण जाईल? कोठडीत एकाला बसलेला मार तिथेच संपत नाही. तो मार अख्ख्या टोल्याला ऐकू जातो आणि पुढची कितीतरी वर्षं तिथून कुणी बोलत नाही.

कायदा काय म्हणतो

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात हे लिहिलं, कारण तेव्हाही कबुली कशी घेतली जाते हे त्यांना माहीत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये हीच तरतूद कायम आहे. अपवाद एवढाच: आरोपीने सांगितलं की अमुक झाडाखाली डंप, म्हणजे हत्यारांचा साठा, पुरला आहे, आणि तिथे खरोखर हत्यारं सापडली, तर त्या सापडण्यापुरतं विधान ग्राह्य. टाडा आणि पोटा हे दहशतवादविरोधी कायदे असताना वरिष्ठ अधिकाऱ्यासमोरची कबुली चालायची, दोन्ही कायदे गेले. संघटित गुन्हेगारीविरोधातला राज्याचा मकोका कायदा अजून तशी मुभा देतो. नक्षल प्रकरणांत नेहमी लागणाऱ्या यूएपीए या बेकायदा कृत्यांविरोधातल्या केंद्रीय कायद्यामध्ये ती मुभा नाही, पण पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत आणि आरोपपत्राविना तुरुंगवास १८० दिवसांपर्यंत वाढू शकतो.

इथे एक खरी ओढाताण आहे. मोहिमेवरच्या अधिकाऱ्याला आज रात्रीचा ठावठिकाणा हवा असतो, न्यायालयात काय टिकेल याची त्याला घाई नसते. तपासी अधिकाऱ्याला टिकणारा पुरावा हवा असतो, त्यासाठी पंच, पंचनामा, वेळा, सह्या लागतात. पहिल्याच्या घाईत दुसऱ्याचं काम बिघडतं, आणि वर्षानुवर्षं आत राहिलेला माणूस शेवटी निर्दोष सुटतो. तो खरंच निर्दोष असेल तर त्याचं आयुष्य गेलं, दोषी असेल तर खटला गेला.

गावातल्या माणसाने काही गोष्टी माहीत करून ठेवाव्यात. अटक केली तर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालानुसार घरच्यांना कळवणं, अटकेचा पंचनामा करणं आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणं बंधनकारक आहे. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा ६० वर्षांवरच्या माणसाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला तरी त्यावर त्याची सही किंवा अंगठा घेता येत नाही, कायद्यातच तसं म्हटलं आहे. कोऱ्या कागदावरच्या अंगठ्याचा तर प्रश्नच नाही. नार्को चाचणी किंवा खोटं पकडणारं यंत्र संमतीशिवाय वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. डिसेंबर २०२० च्या निकालाने ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

दोन बंदुकांच्या मधे

कसनासूरच्या चकमकीचा पुढचा भाग फार जणांना आठवत नाही. मेलेल्यांमध्ये गट्टेपल्लीची काही तरुण पोरं होती. ती लग्नाला निघाली होती, असं घरच्यांचं म्हणणं. ती नुकतीच भरती झाली होती, असं पोलिसांचं. मग जानेवारी २०१९ मध्ये नक्षलवाद्यांनी कसनासूरच्या तिघा गावकऱ्यांना मारलं. त्या चकमकीची खबर यांनीच दिली, असा आरोप फलकावर लिहून ठेवला. गावातल्या लोकांना घरदार सोडून ताडगावला आसरा घ्यावा लागला. जिल्ह्यात अशी पत्रकं कितीतरी मृतदेहांजवळ सापडली आहेत. त्यातल्या कुणी खरंच खबर दिली होती का, याची शहानिशा जनअदालतीत होत नव्हती. पोलिसांच्या गाडीतून उतरताना दिसणं एवढंही पुरत होतं.

म्हणून खबर घेणाऱ्याची पहिली जबाबदारी देणाऱ्याला जगवण्याची आहे. त्याला ठाण्यात वारंवार बोलावू नये, मोहिमेत चेहरा झाकून का होईना सोबत नेऊ नये, गावासमोर त्याच्याशी गोड बोलू नये. छत्तीसगडने सलवा जुडूममध्ये गावकऱ्यांच्याच हाती बंदुका देऊन त्यांना वाटाडे आणि विशेष पोलीस अधिकारी केलं, गावं उठवून छावण्यांत नेली. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. तेव्हा इंद्रावतीच्या पलीकडची कुटुंबं पळून कुठे कुठे गेली, हे नदीच्या या बाजूच्या लोकांनी पाहिलं आहे.

गडचिरोलीत गेल्या काही वर्षांत वारं फिरलं त्यात चकमकींचा वाटा आहे, पण बाहेर येणाऱ्यांचा वाटा मला अधिक मोठा दिसतो. २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना आहे. पोलिसांच्या दादालोरा खिडकीतून जातीचा दाखला, जॉबकार्ड, आधार मिळू लागलं, तसा ठाण्याच्या दारात जायला लोकांना खबरीखेरीज दुसरं कारण मिळालं. दाखल्यासाठी आलेल्या माणसाकडे गावात कुणी संशयाने बघत नाही. १ जानेवारी २०२५ ला नक्षलवाद्यांची वरिष्ठ नेता तारक्का मुख्यमंत्र्यांसमोर शरण आली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तिचा नवरा, माओवाद्यांच्या केंद्रीय समितीतला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती, ६० साथीदारांसह गडचिरोलीत आला. आधी आलेल्यांना मारलं नाही, त्यांचं घर बसलं, एवढी बातमी आत पोचणं हे नंतरच्यांना बाहेर यायला पुरेसं कारण असतं.

आता बंदुका कमी झाल्या, तरी कागद तसेच आहेत. चाळीस वर्षांत ठाण्याठाण्यांत नावांच्या याद्या साठल्या. कुणी १९९८ ला एका रात्री दलमला भात रांधून दिला, कुणाचं नाव भावाने रागाने घातलं, कुणाचं नाव 'हो साहेब' म्हणणाऱ्या माणसाच्या जबाबातून आलं. या भागात आत्राम, मडावी, उसेंडी, नरोटे, पुंगाटी अशी मोजकी आडनावं गावोगाव आहेत; नुसतं नाव-आडनाव धरून माणूस ओळखायला गेलं तर शेजारच्या टोल्यातला भलताच सापडतो. नोकरीच्या पडताळणीला, पासपोर्टला, पोलीस भरतीला पोराने अर्ज केला की बापाची नोंद आडवी येऊ शकते. या याद्या एकदा बसून तपासायला हव्यात, प्रत्येक नोंदीसमोर बापाचं नाव, गाव, टोला, बातमी कोणत्या वर्षी आणि कशावरून आली, सांगणाऱ्याने पाहिलं होतं की ऐकलं होतं, एवढं लिहायला हवं. ज्या नोंदीला दुसरा आधार सापडत नाही ती काढून टाकावी, आणि काढल्याचं त्या माणसाला त्याला समजेल त्या भाषेत, माडियात किंवा गोंडीत, कळवावं.